व्ही. शांताराम

शांताराम राजाराम वणकुद्रे ऊर्फ व्ही. शांताराम (जन्म : कोल्हापूर, १८ नोव्हेंबर १९०१, मृत्यू : मुंबई, ३० ऑक्टोबर १९९०) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक, निर्माते आणि अभिनेते होते. मूकपटांच्या काळात कोल्हापुरात उमेदवारीपासून सुरुवात करून त्यांनी बोलपट, रंगीत चित्रपट आणि त्यानंतरची स्थित्यंतरे अशा सहा दशकांहून अधिक काळ चित्रपटसृष्टीत काम केले. प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होत. पुढे त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर ही स्वतःची चित्रसंस्था उभारली. अमृतमंथन, कुंकू, माणूस, शेजारी, डॉ. कोटनीस की अमर कहानी, झनक झनक पायल बाजे, दो आंखें बारह हाथ आणि पिंजरा हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट आहेत. सामाजिक प्रश्न सर्वसामान्य प्रेक्षकाला रंजक वाटेल अशा रूपात मांडता येतो, हा विश्वास त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या मुळाशी होता. चित्रपटसृष्टीत ते अण्णासाहेब या नावाने, तर रसिकांमध्ये चित्रपती या उपाधीने ओळखले जात.

== बालपण आणि उमेदवारी ==

शांतारामांचा जन्म कोल्हापुरात एका सामान्य परिस्थितीतील कुटुंबात झाला. वडील राजाराम हे जैन, तर आई कमल या हिंदू होत्या. शांतारामांचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. लहानपणीच त्यांना नाटकाची ओढ लागली आणि काही काळ ते बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत होते. त्यानंतर त्यांनी हुबळी येथे रेल्वेच्या कारखान्यात नोकरी केली. त्याच गावातील एका चित्रपटगृहात ते दारावर तिकिटे तपासण्याचेही काम करीत. चित्रपट पुन्हापुन्हा पाहण्याची संधी त्यांना या कामामुळे मिळाली.

नात्याने भाऊ लागणारे बाबूराव पेंढारकर त्या वेळी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत होते. त्यांच्या ओळखीने १९२० साली शांताराम त्या कंपनीत दाखल झाले. चित्रकार असलेल्या बाबूराव पेंटर यांनी चित्रीकरणाचा कॅमेराही स्वतःच तयार केला होता. त्यांच्या कंपनीत कामाची कठोर विभागणी नव्हती. त्यामुळे झाडलोट, सामानाची ने-आण, रंगकाम, रसायनशाळेतील फिल्म धुण्याचे काम, संकलन आणि अभिनय अशी सर्व कामे शांतारामांनी केली. चित्रपटाचे प्रत्येक अंग हाताने काम करून शिकण्याची ही पद्धत त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

सुरेखा हरण (१९२१) या मूकपटातून ते पडद्यावर प्रथम दिसले. सिंहगड (१९२३) मध्ये त्यांनी शेलारमामाची भूमिका केली. सावकारी पाश (१९२५) या चित्रपटात ते तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेल्या या मूकपटात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहराच्या आश्रयाला जाणाऱ्या शेतकऱ्याचे चित्रण होते. पौराणिक व ऐतिहासिक कथांच्या त्या काळात समकालीन वास्तवाकडे वळलेला हा चित्रपट महत्त्वाचा मानला जातो. शांतारामांच्या पुढील सामाजिक चित्रपटांची बीजे याच अनुभवात शोधता येतात. १९२७ साली नेताजी पालकर या मूकपटाच्या निमित्ताने त्यांना दिग्दर्शनाची पहिली संधी मिळाली.

== प्रभात फिल्म कंपनी ==

=== कोल्हापूर पर्व ===

१ जून १९२९ रोजी शांताराम, विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना केली. यांतील पहिले चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकत्र काम केलेले सहकारी होते, तर कोल्हापूरचे सराफ असलेल्या कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. दामले ध्वनी व तांत्रिक बाजूंत, फत्तेलाल कलादिग्दर्शनात आणि धायबर छायालेखनात निष्णात होते. दिग्दर्शनाची मुख्य जबाबदारी शांतारामांकडे आली. तुतारी फुंकणाऱ्या तरुणीचे प्रभातचे बोधचिन्ह पुढे घराघरांत परिचित झाले.

गोपाळकृष्ण (१९२९) हा प्रभातचा पहिला मूकपट. उदयकाल (१९३०) या शिवकालीन मूकपटात शांतारामांनी शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः केली. या चित्रपटाचे मूळ नाव स्वराज्याचे तोरण असे होते. स्वराज्य हा शब्द ब्रिटिश राजवटीत सेन्सॉरला आक्षेपार्ह वाटला आणि चित्रपटाचे नाव बदलावे लागले. इतिहासाच्या आडून वर्तमानाविषयी बोलण्याचा आणि त्यासाठी सेन्सॉरशी झगडण्याचा हा प्रसंग त्यांच्या कारकिर्दीतील शेवटचा ठरला नाही.

१९३१ साली आलम आराच्या प्रदर्शनाने भारतात बोलपटांचे युग सुरू झाले. प्रभातने लगेच मराठी व हिंदी अशा दोन भाषांत चित्रपट काढण्याचे ठरवले. हरिश्चंद्र-तारामतीच्या कथेवरील अयोध्येचा राजा हा चित्रपट फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. तो पहिला मराठी बोलपट मानला जातो. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी आणि तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. चित्रपटात काम करणे प्रतिष्ठित घरातील स्त्रीला शोभणारे नाही, असे मानले जाण्याच्या त्या काळात दुर्गा खोटे यांच्यासारख्या सुशिक्षित व सधन घरातील स्त्रीने ही भूमिका स्वीकारल्याने पुढच्या अनेक अभिनेत्रींची वाट मोकळी झाली. त्यानंतर अग्निकंकण, माया मच्छिंद्र आणि सिंहगड हे बोलपट आले.

१९३३ साली शांतारामांनी सैरंध्री हा रंगीत चित्रपट करण्याचे धाडस केले. त्याच्या रंगीत प्रती काढण्यासाठी ते जर्मनीला गेले. रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत आणि हा प्रयोग फसला. मात्र जर्मनीतील वास्तव्यात तेथील स्टुडिओंची कार्यपद्धती, प्रकाशयोजना आणि कॅमेऱ्याचा वापर त्यांना जवळून पाहता आला. प्रभातच्या पुढील चित्रपटांत या अनुभवाचा ठसा स्पष्ट दिसतो.

=== पुणे पर्व ===

१९३३ साली प्रभातने आपला मुक्काम कोल्हापूरहून पुण्याला हलवला. तेथे उभारलेल्या सुसज्ज स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट म्हणजे अमृतमंथन (१९३४). देवीपुढे दिले जाणारे बळी बंद करणारा राजा आणि त्याविरुद्ध कट रचणारा राजगुरू यांच्यातील संघर्षाची ही कथा नारायण हरी आपटे यांच्या भाग्यश्री या कादंबरीवर आधारलेली होती. हिंदी आवृत्तीत राजगुरूची भूमिका करणाऱ्या चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदा व्यापणारे निकटदृश्य भारतीय चित्रपटाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अंधार व उजेड यांचा नाट्यपूर्ण वापर हेही या चित्रपटाचे वैशिष्ट्य होते. धर्माच्या नावाने चालणाऱ्या क्रौर्याला दिलेले आव्हान हा त्याचा गाभा होता.

धर्मात्मा (१९३५) या चित्रपटात संत एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. लहानपणी ज्यांच्या नाटक मंडळीत शांताराम होते, त्याच नटश्रेष्ठाला आता त्यांनी दिग्दर्शित केले. अस्पृश्यतेविरुद्धच्या एकनाथांच्या वर्तनावर भर देणाऱ्या या चित्रपटाचे नाव आधी महात्मा असे ठेवले होते. ते महात्मा गांधींची आठवण करून देणारे असल्याने सेन्सॉरने त्याला हरकत घेतली आणि पुन्हा एकदा नाव बदलावे लागले. अमरज्योती (१९३६) मध्ये दुर्गा खोटे यांनी अन्यायाविरुद्ध बंड करून समुद्रावर चाचेगिरी करणाऱ्या सौदामिनीची भूमिका केली. त्या काळी पडद्यावरील स्त्रीचे असे रूप दुर्मीळ होते.

=== सामाजिक चित्रत्रयी ===

१९३७ ते १९४१ या काळात शांतारामांनी दिग्दर्शित केलेले कुंकू, माणूस आणि शेजारी हे तीन चित्रपट त्यांच्या कारकिर्दीचे शिखर मानले जातात. तिन्ही चित्रपट मराठीबरोबर हिंदीतही अनुक्रमे दुनिया ना माने, आदमी आणि पडोसी या नावांनी तयार करण्यात आले. ते नंतर आवाज बदलून केलेले अनुवाद नव्हते. प्रत्येक भाषेसाठी दृश्ये स्वतंत्रपणे चित्रित केली जात आणि गरजेनुसार नटही बदलले जात.

कुंकू (१९३७) हा चित्रपट नारायण हरी आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारित आहे. पैशाच्या लोभाने मामा तरुण नीराचे लग्न वयोवृद्ध विधुर काकासाहेबांशी फसवून लावून देतो. नीरा हे लग्न मनाने मान्य करीत नाही आणि पत्नी म्हणून नांदण्यास ठाम नकार देते. शांता आपटे यांची नीरा रडत बसणारी नसून जाब विचारणारी आहे. दुसरीकडे केशवराव दाते यांनी साकारलेले काकासाहेब निव्वळ खलनायक ठरत नाहीत. आपल्या हातून झालेल्या अन्यायाची जाणीव होत जाणारा माणूस म्हणून ते उभे राहतात. समाजसेविका शकुंतला परांजपे यांनी त्यांच्या सुशिक्षित मुलीची भूमिका केली. या चित्रपटात पारंपरिक पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे व घरातले आवाज यांतूनच प्रसंगांचे वातावरण निर्माण केले आहे. जुने भिंतीवरचे घड्याळ हे काकासाहेबांच्या वयाचे प्रतीक म्हणून येते. बालाजरठ विवाहाची प्रथा समाजात प्रचलित असताना आलेल्या या चित्रपटाने मोठी चर्चा घडवून आणली.

माणूस (१९३९) ही प्रामाणिक पोलीस शिपाई गणपत आणि वेश्याव्यवसायात अडकलेली मैना यांची कहाणी आहे. शाहू मोडक व शांता हुबळीकर यांनी या भूमिका केल्या. छाप्याच्या वेळी गणपत मैनाला वाचवतो आणि दोघांत स्नेह निर्माण होतो. पण समाजाने मारलेला शिक्का मैनाला नव्या आयुष्यात पाऊल टाकू देत नाही. प्रेमभंगानंतर दारूत बुडणाऱ्या नायकाचे देवदास पद्धतीचे चित्रण त्या काळात लोकप्रिय होते. माणूसने त्याच्या उलट भूमिका घेतली. प्रेम गमावले तरी कर्तव्य व जगणे सोडू नये, असा त्याचा सूर आहे. मैना अनेक भाषांतील कडवी गात रसिकांचे मनोरंजन करते, ते मास्तर कृष्णराव यांनी संगीतबद्ध केलेले गीत फार लोकप्रिय झाले. समकालीन चित्रपटांतील भडक प्रेमप्रसंगांचे विडंबनही या चित्रपटात आहे.

शेजारी (१९४१) हा चित्रपट हिंदू-मुस्लिम संबंधांवर आहे. जिवबा पाटील आणि मिर्झा हे एकाच गावातील जिवलग मित्र. धरण बांधण्यासाठी गावाची जमीन हवी असलेला भांडवलदार त्यांच्यात वितुष्ट घडवून आणतो. अखेरीस फुटलेल्या धरणाच्या लोंढ्यात दोघे मित्र एकमेकांचे हात धरून मृत्यूला सामोरे जातात. मराठीत जिवबाची भूमिका केशवराव दाते यांनी, तर मिर्झाची गजानन जागीरदार यांनी केली. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मझहर खान या मुस्लिम नटाने आणि मिर्झा जागीरदार या हिंदू नटाने साकारला. ही पात्रयोजना चित्रपटाच्या आशयाला साजेशीच होती. मुस्लिम लीगने मार्च १९४० मध्ये लाहोर येथे स्वतंत्र राष्ट्रांच्या मागणीचा ठराव केल्यानंतर वर्षभरातच आलेल्या या चित्रपटाला केवळ मनोरंजनापलीकडचा संदर्भ होता. फाळणीच्या वेळी झालेला रक्तपात पाहता शेजारीचे आवाहन समाजाने ऐकले असे म्हणता येत नाही. तथापि त्या काळातील कलावंत कशाच्या बाजूने उभे होते, याची साक्ष म्हणून त्याचे मोल कायम आहे.

== राजकमल कलामंदिर ==

१९४१ साली शांतारामांनी शेजारीच्या नायिका जयश्री यांच्याशी विवाह केला. प्रभातच्या भागीदारांशी निर्माण झालेल्या मतभेदांमुळे १९४२ साली ते कंपनीतून बाहेर पडले. तेरा वर्षांत नावारूपाला आणलेली संस्था, सुसज्ज स्टुडिओ आणि जुने सहकारी सोडून वयाच्या चाळिशीत नव्याने उभे राहण्याचा हा निर्णय होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही काळ त्यांनी सरकारच्या फिल्म ॲडव्हायझरी बोर्डाचे प्रमुख निर्माते म्हणूनही काम पाहिले.

मुंबईत परळ येथील वाडिया मूव्हिटोनच्या स्टुडिओच्या जागेत त्यांनी राजकमल कलामंदिर ही संस्था स्थापन केली. राजाराम आणि कमल या आईवडिलांच्या नावांवरून संस्थेचे नाव ठेवण्यात आले. राजकमलचा पहिला चित्रपट शकुंतला (१९४३) हा मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात १०४ आठवडे चालला. पुढे तो अमेरिकेतही प्रदर्शित झाला.

डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) हा चित्रपट सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या जीवनावर आधारित आहे. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ साली पाठवलेल्या वैद्यकीय पथकात कोटणीस होते. तेथे सेवा करीत असतानाच १९४२ साली त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून केलेल्या या चित्रपटात कोटणीसांची भूमिका शांतारामांनी, तर त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली.

लोकशाहीर रामजोशी (१९४७) या चित्रपटात जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या. त्याची कथा व गीते ग. दि. माडगूळकर यांची, तर संगीत वसंत देसाई यांचे होते. दिग्दर्शनात शांतारामांबरोबर त्यांचे गुरू बाबूराव पेंटर यांचेही नाव आहे. या चित्रपटाच्या यशानंतर मराठीत तमाशाप्रधान चित्रपटांची परंपरा रुजली. शाहीर होनाजी बाळा यांच्यावरील अमर भूपाळी (१९५१) हा चित्रपट १९५२ सालच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवण्यात आला. संध्या या अभिनेत्रीचे चित्रपटसृष्टीतील पदार्पण याच चित्रपटातून झाले. याच काळातील अपना देश (१९४९) हा फाळणीनंतरच्या परिस्थितीवर, तर दहेज (१९५०) हा हुंड्याच्या प्रथेवर आधारित होता. सरकारने नेमलेल्या स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीचेही शांताराम सदस्य होते.

=== रंग, नृत्य आणि दो आंखें बारह हाथ ===

सैरंध्रीच्या अपयशानंतर दोन दशकांनी शांतारामांनी पुन्हा रंगाकडे लक्ष वळवले. टेक्निकलर पद्धतीने तयार केलेला झनक झनक पायल बाजे (१९५५) हा शास्त्रीय नृत्याला वाहिलेला चित्रपट होता. कथक नर्तक गोपीकृष्ण आणि संध्या यांच्या भूमिका, वसंत देसाई यांचे संगीत आणि भव्य नेपथ्य यांमुळे त्याला अफाट लोकप्रियता मिळाली. हिंदीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि फिल्मफेअर पुरस्कारही त्याला मिळाले.

एवढ्या यशानंतर रंगीत नृत्यपटांचीच वाट चोखाळणे सोपे होते. पण त्यांचा पुढचा महत्त्वाचा चित्रपट कृष्णधवल होता आणि त्याचा विषय होता कैद्यांची सुधारणा. दो आंखें बारह हाथ (१९५७) या चित्रपटाची पटकथा ग. दि. माडगूळकर यांची होती. औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथे झालेल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून ती सुचली होती. खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांना जेलर आदिनाथ ओसाड माळरानावर नेतो आणि बेड्यांऐवजी विश्वासाच्या बळावर त्यांच्याकडून शेती करून घेतो. पळून जाण्याची संधी असतानाही जेलरचे दोन डोळे कैद्यांना परत आणतात, ही या चित्रपटाची मध्यवर्ती कल्पना. पिकवलेला भाजीपाला रास्त भावात विकल्याने चिडलेला व्यापारी मळ्यात बैल घुसवतो आणि मळा वाचवताना आदिनाथाचा मृत्यू होतो.

आदिनाथाची भूमिका शांतारामांनीच केली. बैलाशी झुंज देण्याच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी जाण्याचा धोका निर्माण झाला होता; शस्त्रक्रियेनंतर ती परत मिळाली. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक, १९५८ सालच्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल आणि अमेरिकेत गोल्डन ग्लोब सोहळ्यातील सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार मिळाला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत काढलेल्या दिवसांत मनासमोर आलेल्या रंगांतून नवरंग (१९५९) या चित्रपटाची कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. पत्नीच्या रूपात आपली काल्पनिक प्रेयसी पाहणाऱ्या कवीची ही कथा सी. रामचंद्र यांच्या संगीतामुळेही स्मरणात राहिली.

=== उत्तरकाळ ===

स्त्री (१९६१) मध्ये शांतारामांनी शकुंतलेच्या कथेकडे पुन्हा वळून दुष्यंताची भूमिका स्वतः केली. सेहरा (१९६३) नंतर आलेल्या गीत गाया पत्थरोंने (१९६४) या चित्रपटातून त्यांनी जितेंद्र यांना नायक म्हणून प्रथम संधी दिली. नायिका शांतारामांची कन्या राजश्री होती. बूंद जो बन गई मोती (१९६७) मध्ये एका आदर्शवादी शिक्षकाची कथा त्यांनी सांगितली.

पिंजरा (१९७२) हा त्यांच्या उत्तरकाळातील सर्वाधिक गाजलेला चित्रपट. जर्मन लेखक हाइनरिश मान यांच्या कादंबरीतील आणि तिच्यावर आधारित द ब्लू एंजल या चित्रपटातील कथासूत्राला त्यांनी महाराष्ट्रातील तमाशाचा अस्सल बाज दिला. गावाला नीतीचे धडे देणारा आदर्श शिक्षक तमाशातील नर्तकीच्या मोहात पडून सर्वस्व गमावतो आणि अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली शिक्षा स्वीकारतो. गावाने ज्या आदर्शावर श्रद्धा ठेवली, तो तरी अभंग राहावा म्हणून तो सत्य उघड करीत नाही. श्रीराम लागू, संध्या व निळू फुले यांच्या भूमिका, जगदीश खेबूडकर यांची गीते आणि राम कदम यांचे संगीत यांमुळे पिंजरा महाराष्ट्रभर गाजला. रंगभूमीवर नाव मिळवलेल्या लागूंना या चित्रपटाने पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून दिली. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या कादंबरीवर आधारलेला चानी (१९७७) आणि वयाच्या पंच्याऐंशीनंतर प्रदर्शित झालेला झंझार (१९८७) हे त्यांचे अखेरच्या टप्प्यातील चित्रपट होत.

== वैयक्तिक जीवन ==

शांतारामांचे तीन विवाह झाले. पहिल्या पत्नी विमल यांच्यापासून त्यांना प्रभातकुमार, सरोज, मधुरा व चारुशीला ही अपत्ये झाली. मधुरा यांचा विवाह पुढे शास्त्रीय गायक पंडित जसराज यांच्याशी झाला. जयश्री यांच्यापासून किरण, राजश्री व तेजश्री ही अपत्ये झाली. १९५६ साली जयश्री त्यांच्यापासून विभक्त झाल्या आणि त्याच वर्षी शांतारामांनी संध्या यांच्याशी विवाह केला. शांतारामा हे त्यांचे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध आहे. प्रभात व राजकमलच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी ते उपयुक्त ठरते.

== मूल्यमापन ==

शांतारामांचे वेगळेपण दोन बाबींत दिसते. एक म्हणजे तंत्राविषयीचे कुतूहल. कॅमेऱ्याची हालचाल, निकटदृश्ये, नैसर्गिक ध्वनी व रंग यांचे प्रयोग त्यांनी धोका पत्करून केले आणि ते बहुधा कथेच्या गरजेतून आले. दुसरी बाब म्हणजे विषयाची निवड. बळीप्रथा, अस्पृश्यता, विषमविवाह, वेश्यांचे पुनर्वसन, जातीय सलोखा, हुंडा आणि कैद्यांची सुधारणा हे विषय व्यावसायिक चित्रपटाला परवडणारे नाहीत, हा समज त्यांनी खोटा ठरवला. त्यांच्या कथांमध्ये माणूस सुधारू शकतो, ही श्रद्धा वारंवार दिसते. कुंकूमधील काकासाहेब आणि दो आंखें बारह हाथ मधील कैदी ही तिची ठळक उदाहरणे होत.

समीक्षकांनी त्यांच्या मर्यादाही दाखवल्या आहेत. राजकमलच्या पुढील काळातील चित्रपटांत नृत्य, भडक रंग आणि अलंकृत नेपथ्य यांचा सोस वाढला, अभिनय नाटकी झाला आणि बोधाचा सूर मोठा झाला, असा आक्षेप घेतला जातो. कुंकूमध्ये प्रतिकार करणारी स्त्री पुढील अनेक चित्रपटांत त्यागमूर्ती किंवा सौंदर्याची प्रतिमा होऊन राहिली, हेही निरीक्षण नोंदवले जाते. प्रभातच्या चित्रपटांचे श्रेय एकट्या दिग्दर्शकाला न देता दामले, फत्तेलाल, धायबर आणि लेखक-संगीतकारांच्या समूहालाही दिले पाहिजे, असे अभ्यासक मानतात. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला संत तुकाराम (१९३६) याच संस्थेचा होता. शांतारामांचे गुण व दोष यांचे मूळ मात्र एकच असल्याचे दिसते : आपला आशय शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोहोचलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह. विषय आणि सहकारी यांची समर्थ साथ मिळाली तेथे या आग्रहातून अभिजात कृती घडल्या. जेथे ती मिळाली नाही तेथे रंजनाने आशयावर मात केली.

== पुरस्कार आणि स्मृती ==

भारतीय चित्रपटसृष्टीतील योगदानाबद्दल शांतारामांना १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार देण्यात आला. १९९२ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. २००१ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. महाराष्ट्र शासनाचा चित्रपती व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावे दिला जातो. मुंबईत भरणाऱ्या माहितीपटांच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील जीवनगौरव पुरस्कारालाही त्यांचे नाव आहे.

प्रभात फिल्म कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्या पुण्यातील स्टुडिओच्या जागेत १९६० साली भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली. उमेदवारीतून शिकलेल्या माणसांनी बांधलेल्या त्या स्टुडिओत आज चित्रपटकलेचे पद्धतशीर शिक्षण दिले जाते. परिसराजवळचा प्रभात रस्ता त्या कंपनीची आठवण जपून आहे.

== निवडक चित्रपट (दिग्दर्शक म्हणून) ==

* नेताजी पालकर (१९२७)
* उदयकाल (१९३०) – अभिनयही
* अयोध्येचा राजा (१९३२)
* सैरंध्री (१९३३)
* अमृतमंथन (१९३४)
* धर्मात्मा (१९३५)
* अमरज्योती (१९३६)
* कुंकू (१९३७)
* माणूस (१९३९)
* शेजारी (१९४१)
* शकुंतला (१९४३)
* डॉ. कोटनीस की अमर कहानी (१९४६) – अभिनयही
* लोकशाहीर रामजोशी (१९४७) – सहदिग्दर्शन
* दहेज (१९५०)
* अमर भूपाळी (१९५१)
* झनक झनक पायल बाजे (१९५५)
* दो आंखें बारह हाथ (१९५७) – अभिनयही
* नवरंग (१९५९)
* स्त्री (१९६१) – अभिनयही
* गीत गाया पत्थरोंने (१९६४)
* पिंजरा (१९७२)
* चानी (१९७७)
* झंझार (१९८७)